पांढरीतले खापर फेकू नका!

चाकणचे कारखाने मागे टाकून नाशिक रस्त्याने निघालो, की मंचरजवळ घोड नदीचे खोरे लागते. या खोऱ्यात जुन्या पांढरीवर नांगराला कधी काळ्या नक्षीचे लाल खापर लागते. आपण ते उचलून बांधावर भिरकावतो. पण ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरातले असू शकते!

ग्रीस देशातील अथेन्सच्या कुंभारांनी लाल मातीवर काळी चित्रे काढलेले पेले आज मोठमोठ्या संग्रहालयांत काचेआड जपून ठेवले आहेत. ते इ. स. पूर्व सहाव्या शतकातले. आपल्या घोडकाठी मात्र त्याच्याही कित्येक शतके आधी लाल भांड्यांवर काळी नक्षी रेखली जात होती.

याचा पुरावा शिरूर तालुक्यातील इनामगावला मिळाला. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बारा हंगाम तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील वस्ती उजेडात आली. ही माणसे सातू, गहू, मसूर पिकवीत. नदीचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाटही खणला होता. कुंभाराची भट्टीसुद्धा सापडली.

त्यांची भांडी चाकावर घडवलेली, पातळ आणि इतकी पक्की भाजलेली, की टिचकी मारताच खणखणीत वाजावीत. कुणाला लांब तोटी, कुणाला उंच गळा. संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून त्यांना ‘जोर्वे भांडी’ म्हणतात.

पुढे इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, असे संशोधक मानतात. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली, नक्षी कमी झाली. शेवटी गाव उठले. दुष्काळाने घराचे काय होते, हे खापरानेसुद्धा सांगितले!

म्हणून पांढरीची माती शेतात टाकायला किंवा विटांसाठी गाड्या भरून नेण्याआधी जरा थांबा. रंगीत खापरे, मातीचे रांजण दिसले तर ते जागचे हलवू नका. कुठल्या थरात काय होते, यावरूनच काळ ठरतो. तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि पुण्याला गेलात, तर मुलांना येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजचे संग्रहालय जरूर दाखवा.