रस्ता गावाचा, वाहिनी कुणाची?

पेनसिल्व्हेनियातलं महानॉय सिटी हे डोंगरांनी वेढलेलं छोटं गाव. फिलाडेल्फियाहून येणाऱ्या दूरचित्रवाणीच्या लहरी डोंगर अडवत. गावात चित्र दिसत नसे, म्हणून दुकानातले संच खपत नसत. १९४८ च्या सुमारास तिथल्या जॉन वॉल्सन या दुकानदाराने डोंगरमाथ्यावर अँटेना उभारली आणि तिथून खाली गावापर्यंत तार ओढली, असं सांगितलं जातं. त्याच सुमाराला ओरेगॉनमधल्या अ‍ॅस्टोरियातही असाच प्रयोग झाला. केबल टीव्हीचा जन्म हा असा, एका गावाच्या गरजेतून झाला.

या तारेला पुढे जायचं तर खांब हवा, नाहीतर रस्ता खणायला हवा. खांब कुणाचाही असो, तो उभा रस्त्याकडेला, आणि रस्ता गावाचा. त्यामुळे प्रक्षेपणाच्या लहरींवर अमेरिकेत केंद्र सरकारचा ताबा असला, तरी केबल कंपनीला प्रत्येक नगरपालिकेच्या दारात उभं राहावं लागलं. नगरपालिका ठरावीक वर्षांचा करार करी आणि रस्ता वापरू देण्याच्या बदल्यात काहीतरी मागून घेई. सुरुवातीला ही मागणी पैशांचीच होती. वाहिनीच मागून घ्यावी, हे सुचायला वीसेक वर्षं जावी लागली.

न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांनी १९६८ मध्ये केबलचा विचार करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते सीबीएस न्यूजचे माजी प्रमुख फ्रेड फ्रेंडली. १९७० मध्ये मॅनहॅटनचा भाग दोन कंपन्यांत वाटून करार झाले, आणि काही वाहिन्या जनतेसाठी मोकळ्या ठेवायच्या, अशी अट त्यांत घातली गेली. जुलै १९७१ पासून या वाहिन्या सुरू झाल्या. रहिवाशाने आपली टेप घेऊन यावं. आधी येईल त्याला आधी वेळ. कंपनीने कात्री लावायची नाही.

पण टेप बनवायची कोणी? इथे जॉर्ज स्टोनी यांचं ऋण मोठं आहे. हे माहितीपटकार कॅनडातल्या ‘चॅलेंज फॉर चेंज’ या सरकारी उपक्रमात काम करून परतले होते. त्या उपक्रमात फोगो बेटावरच्या मच्छीमारांनी स्वतःचं म्हणणं चित्रफितीवर मांडलं होतं आणि ते थेट मंत्र्यांना दाखवलं गेलं होतं. स्टोनी आणि रेड बर्न्स यांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात ‘ऑल्टरनेट मीडिया सेंटर’ उभारलं. खांद्याला लावून फिरता येणारा सोनीचा पोर्टापॅक कॅमेरा तेव्हा नवा होता. तो सामान्य माणसांच्या हाती देऊन वापरायला शिकवणं, हेच केंद्राचं काम. वाहिनी नुसती राखून ठेवली तर ती रिकामीच पडते. सोबत कॅमेरा, शिकवणारा माणूस आणि बसायला खोली लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

१९७२ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने मोठ्या शंभर बाजारपेठांत जनता, शिक्षणसंस्था आणि स्थानिक शासन यांच्यासाठी वाहिन्या सक्तीच्या केल्या. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती रद्द केली, कारण असा हुकूम काढण्याचा अधिकार संसदेने आयोगाला दिलेला नव्हता. तरी वाहिन्या टिकल्या. त्यांचा आधार आयोगाचा हुकूम कमी आणि गावोगावचे करार जास्त होते. १९८४ च्या कायद्याने या करारांनाच मान्यता दिली. नगरपालिका अशा वाहिन्या मागू शकते, कंपनी त्यांतल्या मजकुरात ढवळाढवळ करू शकत नाही, आणि रस्त्याच्या वापराचं शुल्क केबलसेवेच्या एकूण महसुलाच्या ५ टक्क्यांपर्यंत घेता येतं. मला त्याहून मोलाची वाटते ती नूतनीकरणाची तरतूद. करार संपण्याच्या तीन वर्षं आधीच्या ठरावीक मुदतीत ही प्रक्रिया सुरू करता येते. मग लोकांना सूचना देऊन, त्यांना सहभागी करून गावाच्या गरजा तपासायच्या आणि कंपनीने आजवर काय केलं याचा हिशेब घ्यायचा. सेवा कशी मिळाली हे कंपनीला ऐकवण्याची अशी कायदेशीर जागा नागरिकाला फार थोड्या धंद्यांत मिळते.

मोकळी वाहिनी म्हटली की नकोसा माणूसही येणारच. मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेने आपला कार्यक्रम दाखवायची मागणी केली. नगर परिषदेने १९८८ मध्ये वाहिनीच बंद करून टाकली. क्लॅनवाले न्यायालयात गेले. शेवटी शहराने तडजोड केली आणि वाहिनी पुन्हा सुरू केली. मला यात क्लॅनचा विजय दिसत नाही. एकाचं तोंड बंद करण्यासाठी सगळ्या शहराची वाहिनी काढून घेता येत नाही, एवढं शहराला उमगलं. विषारी बोलण्याला तिथेच, त्याच वाहिनीवर उत्तर देण्याचा मार्ग शेजाऱ्यांना उरला.

१९९२ च्या कायद्याने केबल कंपन्यांना या वाहिन्यांवरचे ‘अश्लील वाटतील’ ते कार्यक्रम अडवायची मुभा दिली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनवाहिन्यांपुरती ही मुभा काढून घेतली, आणि त्यामागचं न्यायमूर्ती ब्रेयर यांचं कारण आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. या वाहिन्यांवर देखरेख करणारी यंत्रणा आधीच गावात आहे, असं त्यांनी म्हटलं: पालिका आहे, ना-नफा संस्था आहेत, त्यांची मंडळं आणि नियम आहेत, मग कंपनीला नकाराधिकार कशाला? स्थानिक देखरेख ही तिथे मोकळेपणाची ढाल ठरली.

ढालीलाही तडे गेले. मॅनहॅटनची वाहिनी चालवणाऱ्या संस्थेने डीडी हॅलेक आणि हेसूस पापोलेतो मेलेंदेझ यांच्यावर बंदी घातली. आपल्या चित्रपटात संस्थेवरच टीका होती म्हणून ती घातली, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की ही संस्था खासगी आहे, म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनात्मक हमी तिच्यावर बंधनकारक नाही. पैशांची बाजू त्याआधीच ढासळू लागली होती. २००५ मध्ये टेक्सासने आणि २००६ मध्ये कॅलिफोर्नियाने करार करण्याचा अधिकार गावांकडून राज्याकडे नेला. २००९ च्या आरंभी लॉस एंजेलिसमधले जनवाहिन्यांचे स्टुडिओ बंद झाले. आता लोक केबलच तोडताहेत, तसा ५ टक्क्यांचा झराही आटतो आहे.

आपल्याकडे याची तुलना करावी अशी एक गोष्ट घडून गेली आहे. १९७५ पासून दहाएक वर्षं गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पिज गावच्या छोट्या प्रक्षेपकावरून अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने सुमारे ४०० गावांसाठी कार्यक्रम दाखवले. शेतमजुरी, सावकारी, जातीची वागणूक हे त्यांचे विषय, आणि लिहिण्या-अभिनयात गावकरी सामील. या प्रकल्पाला १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी प्रक्षेपक हलवायचं ठरलं, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. तो चालला नाही. रस्त्याच्या करारासारखं काही त्यांच्या हातात नव्हतं.

फेब्रुवारी १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात लिहिलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनहितासाठीच झाला पाहिजे. त्याच वर्षी केबल कायदा आला. मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करून केबलचालक कामाला लागले. त्यांच्या तारा सोसायट्यांच्या गच्च्यांवरून, विजेच्या खांबांवरून आणि पालिकेच्या रस्त्यांवरून फिरल्या. पण त्या बदल्यात पालिकेने लोकांसाठी वाहिनी मागावी, अशी तरतूद कायद्यात कुठेच नाही. महाराष्ट्रात जोडणीमागे करमणूक शुल्क घेतलं जाई. २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक शाखा ते वसूल करी आणि पैसा राज्याच्या तिजोरीत जाई. गावात त्यातून एक कॅमेराही आला नाही.

देखरेख मात्र स्थानिकच आहे. जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त हे ‘प्राधिकृत अधिकारी’. ते प्रक्षेपण थांबवू शकतात, यंत्रसामग्री जप्त करू शकतात. २००८ च्या केंद्रीय आदेशाने जिल्हा संनियंत्रण समित्यांची रचना ठरवली: जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, महिला आणि बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, शिक्षणतज्ज्ञ. माणसं योग्य निवडली आहेत. त्यांना दिलेलं काम मात्र तक्रार ऐकण्याचं आणि काय दाखवू नये ते पाहण्याचं. काय दाखवलं जावं, याची मागणी करण्याचं काम कुणालाच दिलेलं नाही.

तरीही लोकांनी वाहिनी बनवून घेतलीच. महाराष्ट्रातल्या किती तरी गावांत केबलवाल्याचं ‘लोकल चॅनेल’ हेच गावाचं खरं व्यासपीठ होतं: गणपती विसर्जनाची मिरवणूक, कबड्डीचे सामने, दहावीच्या मुलांचे सत्कार, निधनवार्ता, पाणी कधी येणार त्याची सूचना. त्याची मालकी मात्र एका माणसाची. निवडणुकीच्या काळात ते चॅनेल कुणाच्या बाजूने झुकतं हे गावाला ठाऊक असतं, आणि दाद मागायला जागा नसते. २०१२ ते २०१७ मध्ये टप्प्याटप्प्याने सेट-टॉप बॉक्स आले, सूत्रं लहान केबलचालकांना वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे, म्हणजे एमएसओंकडे गेली, आणि अनेक लहान चालक नुसतेच वसुलीदार उरले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने या स्थानिक वाहिन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एमएसओच्या एकूण क्षमतेच्या ५ टक्के ही त्यांची मर्यादा. नोंदणी वाहिनीमागे १,००० रुपये. ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपायचं. तक्रारी प्राधिकृत अधिकारी आणि जिल्हा समितीकडे. त्याच सूचनांत एक वाक्य असं आहे, ज्यावर महाराष्ट्रात चर्चा व्हायला हवी: स्थानिक मजकुराची गरज ओळखून प्रत्येक जिल्ह्यामागे आणखी दोन वाहिन्यांना मुभा. त्या कंपनीने चालवायच्या आहेत, आणि बातम्या द्यायच्या तर चालक कंपनी कायद्याखाली नोंदलेला हवा. बचत गटाला, वाचनालयाला किंवा महाविद्यालयाला त्यात हक्काची वेळ मिळेल असं त्यात काही नाही. तशी वेळ देण्यास मनाई करणारंही काही नाही.

म्हणून सुरुवात जिल्हा समितीच्या पुढच्या बैठकीतच करता येईल. समितीची नावं फलकावर लावावीत. जिल्ह्याच्या या दोन वाहिन्यांपैकी एकीवर रोज काही तास नागरिकांसाठी, आधी येईल त्याला आधी, असे राखावेत, अशी विनंती तिने कंपनीला करावी. पालिकेची सर्वसाधारण सभा आणि वर्षातून किमान चारदा होणारी ग्रामसभा तिथे न कापता दाखवावी. आणि रस्ते खणायची परवानगी पुढच्या वेळी देताना पालिकेने दुरुस्तीखर्चासोबत एका स्टुडिओची अट घालून पाहावी. ती न्यायालयात टिकेल की नाही, हे घातल्याशिवाय कळणार नाही. माणसं मिळतील का, ही शंका निरर्थक आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून गावच्या बायकांच्या आवाजात चालू आहे. त्यांना आकाशातली एक फ्रिक्वेन्सी मिळाली. तारेवरची एक वाहिनी अजून कुणी त्यांच्यासाठी मागितलेली नाही.