वेशीवरचे यंत्र

तालुक्याच्या गावी असलेल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात, जेथे पूर्वी दैनिकांच्या बांधीव फायलींचे कपाट उभे असे त्या कोनाड्यात, सध्या एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. त्याला आता पडदा नाही, कळफलक नाही. निर्लेखनाच्या यादीतून तो आम्ही मागून घेतला आणि त्याच्या पाठीशी दोन नेटवर्क कार्डे बसवली. एका कार्डातली केबल इंटरनेट पुरवठादाराच्या मॉडेमला जाते, दुसऱ्यातली स्विचमार्गे वाचनकक्षातील संगणकांना, आणि या दोहोंच्या दरम्यान जे काही येते-जाते त्याची झडती घेणे एवढेच त्याचे काम. अशा यंत्राला फायरवॉल, म्हणजे एका इमारतीची आग दुसरीत शिरू नये म्हणून घातलेली जाड भिंत, असे नाव पडले आहे खरे. परंतु त्या भिंतीला दार नसते, आणि या यंत्राचे सारे सत्त्व दारांत आहे. मला ते वेशीसारखे वाटते. वेस बांधण्यापूर्वी, गाव कोणत्या अंगाला आणि रान कोणत्या अंगाला, हे ठरलेले असावे लागते. ते चुकले तर पहारा कितीही कडक असला तरी तो भलत्याच दिशेचा असतो.

यंत्रावर चालणारी प्रणाली पीएफसेन्स या नावाची असून तिची वंशावळ सांगण्याजोगी आहे. मान्युएल कास्पर या स्विस प्रोग्रामरने २००३ साली फ्रीबीएसडीच्या पायावर मोनोवॉल नावाची लहानशी प्रणाली रचून ती सर्वांस मुक्तपणे उपलब्ध करून दिली. पत्ते, नियम, दारांची नावे, अशी यंत्राची झाडून सारी व्यवस्था तीत एकाच एक्सएमएल फायलीत साठवली जाई आणि ब्राउझरमधून बदलता येई. २००४ साली ख्रिस ब्यूक्लर आणि स्कॉट उलरिच यांनी त्या खोडाला पीएफसेन्सची फांदी फोडली. नावातले ‘पीएफ’ हे डॅनियल हार्टमायर यांनी २००१ साली ओपनबीएसडीसाठी लिहिलेल्या पॅकेट फिल्टरचे. २०१५ च्या आरंभी तिच्यातून ओपीएनसेन्स वेगळी निघाली, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत कास्पर यांनी मोनोवॉलचे काम थांबवताना आपल्या वापरकर्त्यांस या धाकट्या शाखेकडे जाण्याचा सल्ला दिला. बारा वर्षांचे काम हातावेगळे करताना, त्यावर विसंबलेल्यांना वाऱ्यावर न सोडता पुढचा रस्ता दाखवून जाणे, हे मला फार मोलाचे वाटते.

ही प्रणाली बसवली की ती सर्वांत आधी दारांची नावे विचारते. फ्रीबीएसडीमध्ये कार्डांची नावे त्यांच्या ड्रायव्हरवरून पडतात: इंटेलचे असेल तर बहुधा ईएम किंवा आयजीबी, रिअलटेकचे असेल तर आरई, आणि पुढे शून्यापासून क्रमांक. आपल्या अंगावर ईएम० आणि आरई० अशी दोन कार्डे आहेत हे यंत्राला कळते. त्यांतले कोणते वॅन, म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेले, आणि कोणते लॅन, म्हणजे घराकडचे, हे कळण्याचा मार्ग मात्र त्याच्यापाशी नसतो. ते माणसाने सांगावयाचे असते. नाव ठाऊक नसेल तर सगळ्या केबली काढाव्या, ‘ए’ ही कळ दाबावी, बाहेरची केबल हव्या त्या पोर्टमध्ये बसवावी आणि एंटर दाबावे. त्या दिवशी केबल टिक् करून बसली, पोर्टशेजारचा हिरवा दिवा लागला, आणि ईएम० वर जोडणी सापडल्याची ओळ पडद्यावर उमटली. ग्रंथपालबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘सर, दोन्ही भोकं तर सारखीच दिसतात. उद्या झाडताना केबली निघाल्या, तर कोणती कुठली हे आम्हांला कोण सांगणार?’’

प्रश्न रास्त होता, कारण त्या एका उत्तरावर पुढचा सारा अंमल उभा राहतो. लॅनकडून निघालेल्या पॅकेटास सर्वत्र जाण्याची मुभा, आणि वॅनकडून आपण होऊन येणाऱ्यास सरसकट मज्जाव, असा मूळचा हुकूम असतो. मग मागितलेले पान आत कसे येते? कचेरीत आवक-जावक नोंदवही असते, तशी येथे स्टेट टेबल नावाची नोंद असते. आतून गेलेल्या प्रत्येक विचारणेची नोंद तीत होते, आणि आलेले उत्तर त्या नोंदीशी रुजवात घालूनच आत सोडले जाते. वाचनकक्षातल्या सर्व संगणकांचे खाजगी पत्ते बाहेर पडताना एकाच सार्वजनिक पत्त्यात बदलतात. ही पत्तेबदलाची पद्धत १९९४ साली लेखी मांडली गेली, आणि १० किंवा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवण्याचा आजचा दंडक १९९६ सालचा. म्हणूनच बाहेरच्या दाराशी येऊन असा घरचा पत्ता सांगणारे पॅकेट म्हणजे तोतया, असे समजून यंत्र त्याला परतवते.

या घरच्या पत्त्यांनीच आमचा एक पूर्ण दिवस खाल्ला. दारे बरोबर नेमलेली, दिवे लागलेले, तरी एकही पान उघडेना. अखेर वॅनला मिळालेला पत्ता पाहिला, तेव्हा ध्यानी आले की मॉडेम स्वतःच राउटर होऊन बसला असून १९२.१६८.१ च्याच मालिकेतले पत्ते वाटत आहे, आणि आमच्या लॅनचा मूळ पत्ताही १९२.१६८.१.१ असाच. वेशीच्या दोन्ही अंगांना एकाच नावाचे गाव असल्यावर टपाल कोणीकडे न्यावे? लॅनचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला आणि गाडी रुळावर आली. पत्ता बदलताक्षणी यंत्राचे पान ब्राउझरमधून नाहीसे झाले, तेव्हा बाई दचकल्या. नव्या पत्त्यावर ते पुन्हा उघडेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पुढे मॉडेमला ब्रिज करून, नाव आणि पासवर्ड देऊन जोडणी साधण्याचे काम यंत्राकडेच घेतले. वॅनचा पत्ता कायमचा नेमून दिलेला असतो, किंवा डीएचसीपीने मुदतीच्या पट्ट्यावर मिळतो, किंवा आमच्यासारखा पीपीपीओई या १९९९ सालच्या पद्धतीने. या तिसऱ्या पद्धतीत प्रत्येक पॅकेटातले आठ बाइट त्या व्यवस्थेच्याच खर्ची पडतात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ ची मर्यादा धरावी लागते. ती कोठेच धरली गेली नाही, तर लहान पाने सुखाने उघडतात आणि मोठी अर्ध्यावर थबकतात.

गेल्या पावसाळ्यात रस्ता खोदताना फायबर तुटली आणि चार दिवस स्पर्धापरीक्षेची मुले हात चोळत बसली, म्हणून दुसऱ्या पुरवठादाराची जोडणी घेऊन तिसरे कार्ड बसवले. आता यंत्र दर अर्ध्या सेकंदाला दोन्ही वाटांवर एकेक हाळी घालते आणि उत्तरास किती वेळ लागला, किती हाका वाया गेल्या, याची टक्केवारी ठेवते; पहिल्या वाटेवरचे उत्तर मर्यादेपलीकडे हरवू लागले की नवी वाहतूक दुसरीवर वळवते, आणि पहिली सावरली की पुन्हा तिच्यावर आणते. मागच्या महिन्यात असे दोनदा घडले. वाचनकक्षात कोणाला कळलेही नाही, मला ते यंत्राच्या नोंदींत सापडले.

तिसरे कार्ड बसवले त्या दिवशी बाईंनी पुस्तकांच्या पाठीवर दाखल क्रमांकासाठी लावतात त्या चिठ्ठ्यांची डबी आणली. जुन्या दोन पोर्टांखाली ‘बाहेर’ आणि ‘आत’ अशा चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून आहेतच. त्यांनी त्याच वळणदार अक्षरात ‘बाहेर २’ लिहिले, चिठ्ठी नव्या पोर्टखाली दाबून बसवली, आणि ओल्या हाताने ती पुसू नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी ओढली.