कांद्याचं दार

१९९१ साली देशाने बाजाराचं दार उघडलं, असं आपण म्हणतो. आमच्या नाशिक जिल्ह्यात मात्र एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन कहाण्या आहेत. अलीकडे द्राक्षबाग. युरोपचे औषध-अंशाचे नियम कडक, पण ते आधी ठाऊक असतात. म्हणून शेतकरी खर्च करायला धजावतो.

पलीकडे कांद्याचं वावर. २०१९, २०२० आणि २०२३ साली निर्यात बंद झाली. शेवटची बंदी मे २०२४ मध्ये उठली, तरी ४० टक्के शुल्क राहिलंच. ते पूर्ण हटायला एप्रिल २०२५ उजाडला. शहरातल्या गृहिणीला कांदा परवडला पाहिजे, हे मलाही मान्य. पण लासलगावच्या लिलावात मी पाहिलंय, बंदीची बातमी येते आणि ट्रॅक्टर तोच, कांदा तोच, बोली मात्र कोसळते.

गिऱ्हाईकही थांबत नाही. २०१९ मध्ये बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानातून कांदा आणला. दुसऱ्या दुकानाची पायरी चढलेलं गिऱ्हाईक परत आणणं सोपं नसतं.

दार किती उघडावं, यावर वाद जरूर व्हावा. पण ते लावायचं असेल, तर रोप लावण्याआधी सांगा. कांदा चाळीत भरल्यावर नको.