होमब्रू क्लब: सर्किट फुकट वाटणारी मंडळी

फोन बिघडला की आपण थेट सर्व्हिस सेंटर गाठतो, कारण आतलं सर्किट आपल्याला माहीतच नसतं. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, एका गॅरेजात मात्र उलटं घडलं. घरीच कॉम्प्युटर बनवू पाहणारे हौशी लोक जमले आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. जो जे शिकला, ते तो बाकीच्यांना सांगायचा.

स्टीव्ह वॉझनियाकने स्वस्तातला ६५०२ प्रोसेसर, मेमरी आणि टीव्हीवर अक्षरं दाखवणारं सर्किट एकाच बोर्डवर बसवलं. कीबोर्ड जोडला की टायपिंग सुरू! हा आराखडा त्याने क्लबमध्ये फुकट वाटला. पार्ट आणा, सोल्डर करा, बनवा. तोच बोर्ड १९७६ मध्ये ॲपल-१ म्हणून विकला गेला.

आराखडा हातात असला की दुरुस्तीही आपल्याच हातात राहते.