सत्तेचे उगमस्थान : महासंमत आणि मतदार

लोकशाहीत राज्यसत्ता येते कोठून? लोक मत देतात म्हणून सत्ता लोकांची, असे उत्तर आपण सहज देतो. परंतु या उत्तराचे मोल कळण्यासाठी पूर्वीची समजूत पाहिली पाहिजे. राजा हा देवाचा अंश, किंवा विशिष्ट कुळात जन्मला म्हणून अधिकारी, ही ती समजूत होय. अशा व्यवस्थेत प्रजेची संमती विचारण्याचे कारणच उरत नाही.

दीघ निकायातील २७ वे सुत्त, अग्गञ्ञ सुत्त, या समजुतीस छेद देते. श्रावस्तीच्या पूर्वारामात जन्माने ब्राह्मण असलेल्या वासेट्ठ व भारद्वाज यांना तथागत सांगतात : भातशेतांच्या सीमा आखल्या गेल्यावर चोरी, असत्य व मारहाण सुरू झाली. तेव्हा लोक एकत्र जमले, त्यांनी आपल्यातीलच एका योग्य माणसाकडे निवाड्याचे काम सोपविले आणि मोबदल्यात भाताचा वाटा देण्याचे ठरविले. महाजनांनी संमत केलेला म्हणून तो 'महासंमत'. येथे सत्ता लोकांच्या संमतीतून निर्माण होते, नेमून दिलेल्या कामासाठी असते आणि तिचे वेतनही लोकच ठरवितात.

भारतीय संविधानाची उद्देशिका लोकांच्याच नावाने आरंभ होते. संविधान त्या सुत्तातून उचलले आहे, असे आम्ही म्हणत नाही; तत्त्वाचे साम्य मात्र स्पष्ट आहे. मग प्रश्न उरतो, हे 'लोक' कोण? ब्रिटिश अमलात मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींमुळे बहुसंख्य जनता मतदार यादीबाहेर होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकाराच्या अटी शिथिल करण्याची व स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी केली. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. संविधानाच्या कलम ३२६ ने तो सर्वांना दिला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते. मतदानाचे वय २१ वरून १८ वर्षे झाले ते १९८९ मध्ये.

तथापि, मत नोंदविले गेले म्हणजे संमती मिळालीच असे नव्हे. संमती मुक्त असावी लागते. ज्याची मजुरी, पाणी वा राहती जागा गावातील प्रबळांच्या हाती आहे, त्याचे मत भीतीपोटी दिले जाऊ शकते. कायद्यालाही हे मान्य आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लाच व गैरवाजवी दडपण ही भ्रष्ट आचरणे ठरविली आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मतदारास विशिष्ट उमेदवाराला मत देण्याची किंवा न देण्याची सक्ती करणे, हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की सामाजिक लोकशाहीच्या पायाविना राजकीय लोकशाही टिकणार नाही. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजेचा धोकाही सांगितला. ज्याने आपली बुद्धी नेत्याच्या चरणी वाहिली, त्याने सत्तेचे मूळच त्याच्या हवाली केले.

आणखी एक मर्यादा ध्यानी घ्यावी. बहुमताला शासन चालविण्याचा अधिकार मिळतो, अल्पमताचे मूलभूत हक्क हिरावण्याचा नाही. संविधानाचे कलम १३ अशा कायद्यांना शून्य ठरविते. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने तर संविधानाची मूळ चौकट संसदेच्या दुरुस्ती-अधिकाराबाहेर ठेवली.

तेव्हा, बंधुभगिनींनो, मत ही कोणाला द्यावयाची भेट नव्हे आणि विकण्याची वस्तूही नव्हे. ते आपण सोपविलेले काम आहे. ज्याने काम सोपविले, त्याने हिशेब मागितलाच पाहिजे. हिशेब मागणे सुटले, की महासंमत पुन्हा देवाचा अंश बनू लागतो.