पंपाला न बधणारं पाणी

पायाच्या खड्ड्यात वाळू लागली तर पाणी काढणं सोपं. भोवती नळ्या उतरवायच्या, पंप चालू करायचा. मऊ गाळ किंवा चिकणमाती लागली की पंपाला पाणी मिळत नाही आणि खड्ड्याच्या ओल्या कडा मात्र ढासळत राहतात. असा ओला गाळ तळहातावर घेऊन हात हलवा, वर पाण्याची चकाकी येते. बोटांनी दाबा, ती गुडूप होते. पाणी भरपूर आहे, पण कणांमधली फट दहापट बारीक झाली की पाझर साधारण शंभरपट मंदावतो. तिथं पंपाचं काही चालत नाही.

या कोंडीवरचा सर्वांत देखणा उपाय मला विजेचा वाटतो. 1809च्या सुमारास मॉस्कोत शास्त्रज्ञ रॉइस यांनी ओल्या मातीत पाण्याच्या नळ्या रोवून बॅटरी जोडली, तेव्हा ऋण टोकाच्या नळीत पाणी चढलं. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे आसपासच्या पाण्यात धनभारित आयन गोळा होतात. वीज सोडली की ते ऋण टोकाकडे निघतात आणि पाण्यालाही ओढून नेतात. या ओढीला फटीच्या आकाराशी फारसं देणंघेणं नसतं. वाळूसमोर हरणारी चिकणमाती इथं तिच्या बरोबरीला येते.

हे बांधकामावर आणलं लिओ कासाग्रांदे यांनी. मृदाशास्त्रातले विख्यात आर्थर कासाग्रांदे हे त्यांचे भाऊ. 1939मध्ये जर्मनीतल्या झाल्त्सगिटरजवळ रेल्वेसाठी गाळात खोदाई चालू असताना त्यांनी ही पद्धत वापरली. उपशाच्या विहिरी ऋण टोकाला जोडायच्या आणि लोखंडी नळ्या धन टोकाला. खरी खुबी मांडणीत आहे. विहिरी खड्ड्याच्या उतारापासून मागे, जमिनीच्या आत ठेवल्या की पाणी खड्ड्याकडे यायचं सोडून उलटं आत वळतं, आणि पाझराचा जोर मातीला बाहेर ढकलण्याऐवजी आत दाबून धरतो. त्यामुळे फारसं पाणी निघण्याआधीच उतार सावरू लागतो.

मर्यादाही खऱ्या आहेत. धन टोकाचं लोखंड झिजतं, तिथली माती सुकून तडकते आणि वीज पुढे जाईनाशी होते. पाणी खारं असेल तर वीज नुसती वाया जाते. म्हणून मुंबईच्या खाड्यांतल्या गाळात हा मार्ग सहसा परवडत नाही. तिथं प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या रोवतात, वर भरावाचं ओझं टाकतात आणि पाणी त्या वाटेनं पिळून निघेपर्यंत महिनोन् महिने थांबतात.