'टॉड्री': एका संत राणीच्या नावाची परवड

दिसायला झगमगीत, परंतु हलक्या प्रतीच्या वस्तूला इंग्रजीत 'टॉड्री' म्हणतात. आपल्या कानी क्वचितच पडणाऱ्या या शब्दात एका संताचे नाव दडलेले आहे.

संत एथेलड्रेडा या ७ व्या शतकातील पूर्व अँग्लियाच्या राजाच्या कन्या. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव 'ऑड्री' झाले. नॉर्थम्ब्रियाचे राणीपद सोडून त्यांनी व्रतस्थ जीवन पत्करले व ६७३ साली ईली येथे मठ स्थापन केला. ६७९ मध्ये गळ्याला आलेल्या गाठीच्या दुखण्याने त्यांचे निधन झाले. संत बीड यांनी इंग्लंडच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात नमूद केले आहे की, हे दुखणे त्यांनी आनंदाने सोसले. तरुणपणी गळ्यात वागवलेल्या हारांच्या व्यर्थ भाराचे हे प्रायश्चित्त आहे, अशी त्यांची भावना होती.

पुढे त्यांच्या सणानिमित्त ईलीला जत्रा भरू लागली. तेथे काय विकले जावे? गळ्यात बांधायच्या रेशमी फिती! ज्या संताने गळ्यातील अलंकारांचा पश्चात्ताप केला, त्यांच्याच नावाने 'सेंट ऑड्रीची लेस' खपू लागली. भरभर उच्चारताना 'सेंट'मधील अखेरचा 'ट' पुढच्या नावाला चिकटला आणि 'टॉड्री लेस' हा शब्द रूढ झाला. लंडनमधील टूली स्ट्रीट हे नावही संत ओलाव्ह यांच्या नावातून असेच घडले आहे.

आरंभी या शब्दात हिणकस असे काहीच नव्हते. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल' या नाटकातील ग्रामकन्या अशी फीत मोठ्या हौसेने मागते. मात्र फिती स्वस्त व भडक होत गेल्या, आणि १७ व्या शतकाच्या उत्तरार्धात 'टॉड्री' हे कोणत्याही भपकेबाज, सुमार वस्तूचे विशेषण बनले. धर्मसुधारणेच्या काळात, १५४१ मध्ये, संत ऑड्रींची समाधी उद्ध्वस्त करण्यात आली, हे खरे. तरीही या शब्दाच्या अधोगतीचा दोष विरोधकांपेक्षा जत्रेतील मालाकडेच अधिक जातो, असे वाटते.

मरिया माग्दालेना हिच्या नावाचेही असेच झाले. तिच्या अश्रूंवरून आलेला 'मॉडलिन' हा इंग्रजी शब्द आज रडव्या, उथळ भावुकतेसाठी वापरतात.

संत ऑड्रींचा सण २३ जून रोजी असतो. घशाच्या विकारांनी त्रस्त भाविक त्यांची मध्यस्थी मागतात. त्यांच्या हाताचा अवशेष ईली येथील कॅथोलिक चर्चमध्ये जतन करण्यात आला आहे.